लग्नपत्रिकांतून किरणोत्सव: कागदी बोगदा-देखाव्यासाठी सल्ला हवा आहे

उंबरा (मंगळवार पेठ, कोल्हापूर), २ ऑगस्ट

सर्वांना सस्नेह नमस्कार.

गेल्या पंधरा वर्षांत आमच्या घरी आलेल्या लग्नपत्रिका मी रद्दीत घातलेल्या नाहीत. सासूबाई त्या कपाटावर रचून ठेवत असत, त्यांच्या पश्चात ती सवय मला लागली आणि आता त्यांची दोन पोती भरली आहेत. जाड मोतिया कार्ड, मखमली कागद, सोनेरी वर्ख छापलेली पाकिटे, जाळीदार नक्षी कापलेली मुखपृष्ठे असा तो ऐवज आहे. दुकानात असा कागद सुटा घ्यायला गेले तर एका तावासाठी किती पैसे मोजावे लागतात, हे येथील सर्वांना ठाऊक आहेच.

दर रविवारी गल्लीतील नऊ ते तेरा वयाची दहाबारा मुले आमच्या घरी कागदकामासाठी येतात. घोटीव कागदाची तोरणे, पतंगी कागदाचे आकाशकंदील, क्विलिंगची फुले हे सर्व करून झाले आहे. यंदा नोव्हेंबरपर्यंत एकच मोठे काम करावे असे ठरवले. अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सवाचा, म्हणजे मावळतीची किरणे थेट देवीच्या मूर्तीवर पडतात त्या सोहळ्याचा, देखावा बोगद्यासारख्या कागदी रचनेत साकारायचा आहे. एकामागे एक पाच चौकटी, दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या घड्या घातलेल्या पट्ट्या, मिटले की पुस्तकासारखे सपाट आणि ओढले की आत खोल दृश्य. पहिल्या चौकटीत महाद्वार, मग गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा आणि शेवटी गाभारा. समोरून विजेरीचा झोत टाकला की तो चारही कमानींतून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचावा, अशी कल्पना आहे.

नमुना म्हणून पहिला देखावा मी स्वतः जुलैत केला आणि तो सपशेल फसला. पट्ट्यांसाठी पत्रिकेचेच कार्ड वापरले होते. त्याच्या घड्यांवर मोतिया थर तडकून खालचा पांढरा कागद दिसू लागला. चौकटी खळीने चिकटवल्या होत्या, त्या दोन दिवसांत पापडासारख्या वाकल्या. कमानी एका रेषेत राहिल्या नाहीत, त्यामुळे झोत तिसऱ्या चौकटीवर अडकला. मुलांनी पाहण्याआधीच मी तो माळ्यावर टाकला. चुकले नेमके कोठे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आरदोरा (लक्ष्मीपुरी), २ ऑगस्ट

ताई, मी तीस वर्षे छापखान्यात बांधणीचे काम केले आहे. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ मला एकच दिसते आणि ते म्हणजे कागदातील तंतूंची दिशा. आमच्या धंद्यात तिला ग्रेन म्हणतात.

यंत्रावर कागद तयार होताना लगदा वेगाने पुढे सरकणाऱ्या जाळीवर पडतो, त्यामुळे बहुतेक तंतू त्या प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतात. तंतू पाणी प्यायला की लांबीत फारसा वाढत नाही, पण जाडीत फुगतो. म्हणून ओला झालेला कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने आकसतो. आपण दोन कागद एकमेकांवर चिकटवले आणि त्यांचे ग्रेन एकमेकांना काटकोनात पडले, तर दोघे दोन दिशांनी ओढणार आणि चौकट वाकणार. जुलैत कोल्हापूरच्या हवेतच इतका ओलावा असतो की खळीचे निमित्त नसले तरी कागद सादळतो.

घडीचेही तसेच आहे. ग्रेनला समांतर घडी घातली तर ती सुरेख बसते. आडवी घातली तर तंतू मोडतात, आणि वर मोतिया किंवा वर्खाचा थर असेल तर तो हमखास फुटतो.

ग्रेन ओळखणे अवघड नाही. कार्ड दोन्ही हातांत धरून आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने, घडी न पाडता, हलकेच वाकवून पाहावे. ज्या बाजूने कमी जोर लागतो त्या वाकेचा कणा ग्रेनला समांतर असतो. शंका राहिली तर कोपऱ्यातून चौकोनी तुकडा कापून त्याच्या एकाच बाजूला पाणी लावावे. तो लगेच नळीसारखा वळू लागतो आणि त्या नळीची लांबी म्हणजे ग्रेनची दिशा. बाजारात मिळणाऱ्या ए-४ कागदाचे ग्रेन बहुधा लांब बाजूला धरून असते, पण पत्रिकांबाबत काहीच गृहीत धरू नये. छापखान्यात कागद वाया जाऊ नये म्हणून एकाच तावावर पत्रिका आडव्याउभ्या कशाही बसवतात. आपल्या दोन पोत्यांतील प्रत्येक कार्ड तपासावे लागेल. मुलांकडून तपासून घेऊन मागे पेन्सिलीने बाण काढायला सांगा, त्यांना त्याची मौज वाटेल.

पंचगंगाकाठ (शुक्रवार पेठ), ३ ऑगस्ट

एक वेगळी शंका मांडतो, कोणी राग मानू नये. लग्नपत्रिकेवर गणपती असतो, कुलदैवताचे नाव असते, बहुतेक कोल्हापुरी पत्रिकांवर अंबाबाई आणि जोतिबा प्रसन्न असे छापलेले असते. त्यावर कटर चालवणे मला पटत नाही. शिवाय देखावा देवीचाच आहे. आमच्या आजी तर पत्रिकेवर चहाचा कपसुद्धा ठेवू देत नसत.

उंबरा, ३ ऑगस्ट

आपली शंका रास्त आहे आणि ती मलाही छळत होती. मी असे केले आहे की देवतेचे चित्र आणि नाव असलेला भाग सर्वांत आधी सरळ कापून वेगळ्या डब्यात ठेवते. उरलेल्या कार्डाचा कोरा पृष्ठभाग बाहेर आणि मजकूर आत, अशा रीतीने ते वापरते. त्यामागे दुसरेही एक कारण आहे. पत्रिकांवर लोकांची नावे, घरचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असतात. मुलांनी केलेली वस्तू चार घरी फिरते, त्यावर परक्या कुटुंबाचा पत्ता मिरवू नये. डब्यात साठलेल्या चित्रांचे काय करावे, हे मात्र अजून ठरलेले नाही.

पंचगंगाकाठ, ३ ऑगस्ट

ते नदीत किंवा रंकाळ्यात सोडू नका एवढीच विनंती. वर्ख आणि चकचकीत थर असलेला कागद विरघळत नाही, काठावर येऊन लागतो. मूर्तिदानाची सवय लागलेल्या गावात कागदाचे तरी विसर्जन कशाला? साध्या, थर नसलेल्या कागदावर छापलेली चित्रे पाण्यात भिजवून, लगदा करून, त्याच्या पणत्या किंवा ताटल्या करता येतील. म्हणजे चित्र कापले असे होणार नाही, ते दुसऱ्या रूपात घरातच राहील. माझ्या मनाचे तेवढ्याने समाधान होईल.

उलटी घडी (राजारामपुरी), ४ ऑगस्ट

मी शाळेत गणित शिकवते आणि घरी कागदाच्या घड्या घालते, त्यामुळे मापांविषयी लिहिते.

बाजूच्या पट्ट्यांसाठी पत्रिकेचे कार्ड वापरूच नये. चौकटीला ताठपणा हवा आणि पट्टीला लवचिकपणा, ही दोन कामे एकाच कागदाकडून होत नाहीत. चौकटींना २५० ते ३०० जीएसएमचे कार्ड आणि पट्ट्यांना १०० ते १२० जीएसएमचा लेजर (हिशेबवहीचा) किंवा चित्रकलेचा कागद घ्यावा. आता पत्रिकेवर जीएसएम छापलेला नसतो, तेव्हा तो घरच्या वजनकाट्यावर काढावा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. २० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद कार्ड हे चौरस मीटरचा पंचविसावा भाग असते, म्हणून त्याचे वजन १० ग्रॅम भरले तर कार्ड २५० जीएसएमचे. ए-४ तर आणखी सोपा आहे, कारण तो चौरस मीटरचा सोळावा भाग असतो. सोळा कागदांचे ग्रॅममधील वजन हाच त्यांचा जीएसएम. ८० जीएसएमचा एक ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो, हे मुलांना काट्यावर दाखवले की ती दिवसभर घरातील प्रत्येक कागद तोलत बसतात. (हा माझ्या घरचा अनुभव आहे. विजेचे बिलही सुटले नाही.)

पट्टीची आखणी अशी करावी. चौकटी पाच, म्हणजे मधली अंतरे चार. प्रत्येक अंतरासाठी २ सेंमीचे दोन पदर घ्यावेत, मधल्या घडीचा कोपरा बाहेर यावा. प्रत्येक चौकटीला चिकटण्यासाठी १ सेंमीची कड सोडावी. चिकटण्याच्या कडांचे ५ सेंमी आणि पदरांचे १६ सेंमी मिळून पट्टी २१ सेंमीची होते, आणि ए-४ कागदाची आखूड बाजू नेमकी २१ सेंमी असते. चौकटीची उंची २० सेंमी ठेवली तर लांब बाजूतून तेवढा तुकडा कापावा. अशा पट्टीतील सर्व घड्या कागदाच्या लांब बाजूला समांतर येतात, म्हणजे आरदोरा यांनी सांगितलेले ग्रेनही आपोआप जुळते. चिकटण्याची कड एका चौकटीवर आतल्या दिशेने आणि पुढच्या चौकटीवर बाहेरच्या दिशेने पडेल, तेव्हा चौकटीचा काठ दोन्ही बाजूंना किमान २ सेंमी रुंद असू द्यावा.

देखावा उघडताना पट्टी पूर्ण ताणू नये. पूर्ण ताणली तर चौकटी डगमगतात. प्रत्येक अंतर साडेतीन सेंमीवर थांबवले तर एकूण खोली १४ सेंमी मिळते आणि पट्टी स्वतःच चौकटींना उभे धरते.

खळवाटी (गडहिंग्लज), ४ ऑगस्ट

चिकटवण्याविषयी माझे चार शब्द.

खळ वाईट नाही, ती चुकीच्या जागी वापरली गेली. चौकटीवर रंगीत कागद मढवायचा असेल तर खळीसारखे दुसरे काही नाही. ती सावकाश वाळते, कागद सरकवून नीट बसवता येतो आणि घोटली की फुगा राहत नाही. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, थंड पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहावे आणि पारदर्शक झाक आली की उतरवून फडक्यातून गाळून घ्यावे. पण मढवताना कार्डाच्या मागच्या बाजूलाही तेवढाच एक पातळ कागद, त्याच दिशेच्या ग्रेनचा, चिकटवावा. पुढचा कागद वाळताना कार्डाला आपल्याकडे ओढतो, मागचा आपल्याकडे ओढतो आणि कार्ड सरळ राहते. नंतर दोन फळ्यांमध्ये वजनाखाली किमान एक रात्र, पावसाळ्यात दोन रात्री. माझ्याकडे वजन म्हणून पाटा आहे.

बांधणीवाले पूर्वी खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे. मुलांचे हात जेथे लागणार तेथे ते अजिबात नको. रविवारपुरती खळ करावी, उरली तर टाकून द्यावी.

पट्टीच्या कडा चौकटीला जोडताना मात्र खळ नको, तेथे फेविकॉलसारखा पांढरा गोंदच हवा, आणि तोही जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या काठाने ओढलेला अगदी पातळ थर. गोंद बाहेर ओघळला तर जास्त झाला असे समजावे. लॅमिनेशन केलेल्या पत्रिकेवर कोणताच पाण्याचा गोंद धरत नाही, तेथे बारीक पॉलिश कागदाने चमक घासून काढावी लागते.

आरदोरा, ४ ऑगस्ट

खळवाटी यांचे मागे कागद लावण्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. आम्ही पुठ्ठ्याच्या आत अस्तर लावतो ते केवळ शोभेसाठी नसते.

घडीची रेघ आधी दाबून घ्या, हे लिहायचे राहिले होते. छापखान्यात त्यासाठी क्रीजिंगचे यंत्र असते. घरी संपलेल्या बॉलपेनची रिफील आणि लोखंडी पट्टी पुरते. आणि मुलांच्या हाती धारदार कटर देऊ नका. कमानींचे आतले वळण तुम्ही स्वतः कापा, सरळ काप त्यांनी कात्रीने करावेत. कापताना खाली काच किंवा शहाबादी फरशी घेऊ नये, पाते लगेच बोथट होते. बोथट पातेच हात कापते, कारण माणूस त्यावर जोर देतो.

दूरचा कोल्हापूरकर, ६ ऑगस्ट

धागा वाचून शिवाजी पेठेतील बालपण आठवले. थोडे अवांतर वाटेल, पण या रचनेचा इतिहास रंजक आहे. अठराव्या शतकात जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात मार्टिन एंगेलब्रेख्ट नावाचा चित्रमुद्रक पेटीत एकामागे एक सरकवायची रंगवलेली कागदी दृश्ये छापून विकत असे. बाजूला घड्यांच्या पट्ट्या असलेला, मिटणारा प्रकार एकोणिसाव्या शतकात आला. लंडनमध्ये थेम्स नदीखालचा बोगदा १८४३ साली लोकांसाठी खुला झाला, तेव्हा त्याची आठवण म्हणून अशी कागदी खेळणी विकली गेली, आणि इंग्रजीत या प्रकाराला बोगद्याचे पुस्तक म्हणतात ते त्यामुळेच.

एक प्रश्न. त्या जुन्या देखाव्यांत मागच्या चौकटीतील भोक पुढच्यापेक्षा लहान होत जाते, त्यामुळे खोली प्रत्यक्षाहून जास्त भासते. आपणही कमानी लहान करत नेणार का?

उंबरा, ६ ऑगस्ट

पहिल्या नमुन्यात तसेच केले होते. दिसायला ते फार छान होते.

उलटी घडी, ७ ऑगस्ट

उंबराताई, आपला झोत अडकण्याचे दुसरे कारण तेच असावे. येथे खोलीचा आभास आणि किरण यांपैकी एकाचीच निवड करावी लागेल.

किरणोत्सवात नेमके काय घडते ते पाहू. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, आधी देवीच्या चरणांवर पडतात आणि मग वर चढत मुखापर्यंत जातात. किरण वर चढतो, कारण सूर्य खाली उतरतो. सूर्य उंच असताना कमानीच्या माथ्याखालून आलेला प्रकाश तिरका होऊन जमिनीवर पडतो, सूर्य जसजसा क्षितिजाकडे झुकतो तसतसा तो प्रकाश आडवा होत समोरच्या भिंतीवर वर सरकतो. या दोन तारखांचे गणितही सुंदर आहे. १० नोव्हेंबर हा २१ डिसेंबरच्या ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी ४२ दिवसांनंतर. सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि परत येताना जवळपास त्याच जागी मावळतो, पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला.

म्हणून चारही कमानींचे माथे एकाच उंचीवर आणि उंबरे एकाच पातळीवर ठेवावेत. कमानीचा माथा तळापासून १२ सेंमीवर आणि एकूण खोली १४ सेंमी असेल, तर ३० अंशांवरून येणारा प्रकाश गाभाऱ्यापर्यंत पोहोचेतो ८ सेंमी खाली उतरतो, म्हणजे प्रकाशाची वरची कड ४ सेंमीवर राहते. १० अंशांवर तो केवळ अडीच सेंमी उतरतो आणि वरची कड साडेनऊ सेंमीवर जाते. मूर्तीची जागा ४ ते १० सेंमीच्या दरम्यान ठेवली, तर विजेरी हळूहळू खाली आणताना मुलांना चरणांपासून मुखापर्यंतचा प्रवास दिसेल. वेगळेपणा हवा असेल तर कमानींची रुंदी थोडी कमी करत न्या, उंचीला हात लावू नका.

कागदवेडा (शाहूपुरी), ९ ऑगस्ट

पट्ट्यांसाठी हातकागद वापरून पाहावा असे सुचवतो. साच्याची जाळी लगद्यात बुडवून हाताने हलवून काढलेल्या तावात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असतात, त्यामुळे ग्रेनचा जाच जवळपास राहत नाही, आणि चिंध्यांच्या लगद्याचा कागद घडीवर लवकर फाटत नाही. आपल्याकडे या कामाची जुनी परंपरा आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्यावरून पडले आहे, जुन्नरी कागदावर तर पेशवाईतील दफ्तरे लिहिली गेली. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे.

दुसरे असे की आमच्या शाहूपुरी कुंभार गल्लीत गणपतीची लगबग सुरू झाली आहे. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमचे मंडळ पुठ्ठ्याचे मखर करते. हाच बोगदा माणसाच्या उंचीचा केला तर टिकेल का?

आरदोरा, ९ ऑगस्ट

टिकेल, पण कार्डाचा नव्हे. नालीदार पुठ्ठा घ्या, आतल्या नळ्या उभ्या दिशेने ठेवा आणि घड्यांऐवजी कापडी पट्टीची बिजागरी करा. यासाठी वेगळा धागा काढावा, येथे मुलांचे काम चालू आहे.

हातकागद महाग पडेल. चित्रकलेचा कागद पुरेसा आहे.

उंबरा, १५ सप्टेंबर

गौरी-गणपतीच्या धामधुमीत येथे लिहिणे राहून गेले, क्षमस्व. काम मात्र थांबले नव्हते.

पहिले दोन रविवार आम्ही केवळ कार्डे तपासली. मुलांनी ती वाकवून, तोलून, मागे बाण काढून तीन ढीग केले. ताठ कार्डे चौकटींना, पातळ कार्डे नक्षीला आणि लॅमिनेशनची कार्डे एका मुलाने "नको बाबा" असे लिहिलेल्या पिशवीत. एका पत्रिकेचे वजन ३८ ग्रॅम भरले आणि तिच्यातील लग्न गेल्या वर्षीचे असल्याने त्या घरच्या खर्चाची चर्चा लांबली. शेवटी मला मध्ये पडावे लागले.

कमानींवरील नक्षी जाळीदार पत्रिकांतून कापून लावली. पितळी उंबरा पाकिटाच्या आतील पिवळ्या चकाकत्या कागदाचा केला. गाभाऱ्यात मूर्तीचे छापील चित्र लावायचे नाही असे पंचगंगाकाठ यांच्या सूचनेनंतर सर्वांनी मिळून ठरवले. त्या जागी सोनेरी वर्खाचे बारीक तुकडे एकावर एक लावून केवळ आकृतीची बाह्यरेषा भरली आहे. अंधारात तेथे काही दिसत नाही, झोत पडला की वर्ख उजळतो. वर्ख छापलेला भाग घडीवर येऊ नये म्हणून जो जीव टांगणीला लागला होता, तोच वर्ख आता योग्य जागी बसला आहे.

पट्ट्या आखणीप्रमाणे २१ सेंमीच्या केल्या. अकरा देखाव्यांपैकी नऊ सरळ उभे राहिले. राहिलेल्या दोघांत एकाने पट्टी उलटी चिकटवली होती आणि एकाने कागदच आडवा घेतला होता. झोत चौथ्या कमानीपार गेला. देवतांच्या चित्रांचा लगदा करून सतरा पणत्या झाल्या आहेत. त्या अजून दमट आहेत, ऊन मिळेल तेव्हा वाळतील.

आता मुलांचा हट्ट आहे की विजेरी नको, खरे ऊन हवे. नोव्हेंबरात गच्चीवर करून पाहावे म्हणतो आहोत.

पंचगंगाकाठ, १५ सप्टेंबर

बाह्यरेषेची कल्पना फार आवडली. पणत्या दिवाळीत लावण्याआधी एक सांगतो: कागदी पणतीत तेलवात ठेवू नका, पेट घेईल. आत सेलवर चालणारा छोटा दिवा ठेवावा किंवा हळदीकुंकू.

उलटी घडी, १६ सप्टेंबर

उन्हात करणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. विजेरीच्या वेळी खोलीत अंधार असतो, गच्चीवर मात्र वरून आणि बाजूंनी येणाऱ्या उजेडाने देखाव्याचे अंतरंग सगळेच उजळून निघेल आणि किरण उठून दिसणार नाही. वरून काळ्या कार्डाचे छत ठेवावे, चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना एक एक सेंमी रुंद. चिकटवू नये, नाहीतर देखावा मिटणार नाही.

दुसरे, देखाव्याचे तोंड नकाशातील पश्चिमेकडे न धरता सूर्याकडेच धरावे आणि सूर्य सरकेल तसे दर काही मिनिटांनी किंचित फिरवावे. कमानीच्या कडेची सावली दोन्ही बाजूंना सारखी पडली की दिशा बरोबर आली असे समजावे. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य शेवटच्या दोनेक तासांत ताशी साधारण १३ अंशांनी उतरतो. मावळण्याच्या सव्वादोन तास आधी तो सुमारे ३० अंशांवर असेल, तेव्हा पावणेचारच्या सुमारास मांडामांड पूर्ण असावी.

उंबरा, १२ नोव्हेंबर

९ तारखेला ढग होते. १० तारखेला शाळा उशिरा सुटली. काल, ११ तारखेला, आठ मुले पावणेचारला गच्चीवर जमली.

छत ठेवल्याबरोबर आतला उजेड गेला आणि वर्खाच्या पायथ्याशी प्रकाशाची एक सरळ कड दिसली. मुलांनी मागच्या चौकटीवर आधीच पेन्सिलीने सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या. कड चार सेंमीवर होती, गणितात आली होती तेथेच. साडेचारला ती सातच्या जवळ पोहोचली, पण आम्हाला देखावे सारखे फिरवावे लागत होते. एका मुलीने युक्ती काढली. तिने देखावा पोळपाटावर ठेवला आणि पोळपाटच फिरवू लागली, मग खाली जाऊन आणखी दोन पोळपाट आणले गेले.

पाचच्या पुढे कड आठ सेंमीच्या वर गेली, म्हणजे खांद्यापर्यंत. वर्ख असा काही पेटला की गच्चीवरचा गलका थांबला. आणि मग शेजारच्या घरावरची पाण्याची काळी टाकी मध्ये आली. अकराच्या अकरा देखाव्यांत एकाच वेळी अंधार झाला. "आता टाकीचं अतिक्रमण काढायला लागतंय," असे आमच्यातील सर्वांत लहान मुलगा गंभीरपणे म्हणाला. देवळातील किरणांच्या वाटेतले अडथळे काढण्याविषयी वर्तमानपत्रांत येणाऱ्या बातम्या त्याच्या घरी मोठ्याने वाचल्या जात असाव्यात.

मुखापर्यंत काही आम्हाला पोहोचता आले नाही. १ फेब्रुवारीला सूर्य पुन्हा तेथेच येणार, म्हणजे टाकीही तेथेच असणार. गच्ची बदलावी लागेल.

आरदोरा, १२ नोव्हेंबर

रंकाळ्याच्या पूर्व काठावरून पश्चिमेला तळ्याचे मोकळे पाणी आहे. तेथे टाकी येणार नाही, मात्र वारा असतो, तेव्हा चौकटींच्या तळाला पुठ्ठ्याची बैठक लावावी लागेल. फेब्रुवारीत हवा कोरडी असते, त्यामुळे मढवलेली कार्डे उलट्या बाजूला वळू लागतील. देखावे तोवर उभे न ठेवता मिटून वजनाखाली ठेवा. बैठकीचे पुठ्ठे मी कापून देतो, मुलांना मापे घेऊन ठेवायला सांगा.

उंबरा, १२ नोव्हेंबर

मापे घेतली आहेत, १४ सेंमी रुंद आणि १६ सेंमी खोल, एकूण अकरा. पोळपाट मात्र घरोघरी परत गेले आहेत, फिरत्या बैठकीसाठी काय वापरावे?

खळवाटी, १३ नोव्हेंबर

मिठाईच्या खोक्याचे गोल झाकण आणि त्याखाली पाच गोट्या.